आधी स्पंज, मग मासे

दोन फुटी टाकीत मासे मावेनासे झाले की घरात चार फुटी टाकी येते. ती येते तो दिवस बहुधा रविवार असतो. सकाळी स्टँड आणि टाकी जागेवर लागते, दुपारी खडी धुऊन पसरली जाते, नवा फिल्टर जोडला जातो, पाणी भरून त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले जातात आणि दिवेलागणीला मासे नव्या टाकीत सोडले जातात. जुनी टाकी त्याच रात्री घासूनपुसून गॅलरीत उलटी ठेवली जाते. मासे त्या रात्री मरत नाहीत. दुसऱ्या दिवशीही मरत नाहीत; उलट मोकळ्या जागेत छान फिरताना दिसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मात्र ते पाण्याच्या अगदी वरच्या थरात येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, कल्ले लाल दिसू लागतात, खाणं सुटतं आणि आठवडाभरात निम्मी टाकी रिकामी होते. घरातले म्हणतात, जागा बदलली ती मानवली नाही. दुकानात विचारलं तर सांगतात, मासे घाबरले, आणि हातात निळ्या औषधाची बाटली देतात.

या मरणाची वेळ नीट पाहिली तर ते स्पष्टीकरण टिकत नाही. जाळीत धरल्याने, हाताळल्याने मासा दगावणार असेल तर तो बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत दगावतो. पाण्यात क्लोरीन राहून गेलं असेल तर मासे काही तासांतच सैरभैर होतात. ताणामुळे अशक्त झालेला एखादा मासा पुढे आजाराला बळी पडतो हे खरं. पण तो एकटा जातो, सगळ्या टाकीला एकाच वेळी पाण्याच्या पृष्ठभागावर आणत नाही. तिसऱ्या दिवशी सुरू होऊन पुढे आठवडाभर चालणारं, लहानमोठ्या सगळ्या माशांना एकदम घेरणारं मरण हे साठत जाणाऱ्या विषाचं असतं. हे विष माशांनी स्वतःच पाण्यात सोडलेलं असतं, आणि जुन्या टाकीत ते रोजच्या रोज निकामी करणारी वस्ती त्या रविवारी रात्री नळाखाली धुऊन गेलेली असते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की मासे मोठ्या टाकीत हलवण्याचं काम हे मुळात जिवाणू हलवण्याचं काम आहे. ते आधी नीट झालं तर मासे हलवणं हे अर्ध्या तासाचं, फारसा धोका नसलेलं काम उरतं. ते राहून गेलं तर मासे कितीही हळुवारपणे नव्या पाण्यात सोडले तरी पुढचे दिवस त्यांना जड जातात.

प्रथिनं शरीरात मोडली की नायट्रोजनचा टाकाऊ भाग उरतो. माणूस त्याचा युरिया करून मूत्रावाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातला मासा तो बहुतांशी अमोनियाच्या रूपात थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. नदीत आणि तळ्यात पाण्याचं प्रमाण इतकं अफाट असतं की त्याची झळ माशाला लागत नाही. काचेच्या पेटीत मात्र मासा आपल्याच उत्सर्गात राहतो. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक निरीक्षण मांडलं: दोन गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि सडलेली पानं खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवल्या तर पाणी सतत न बदलताही मासे जगतात. घरगुती मत्स्यालयाचा छंद तिथून उभा राहिला. वॉरिंग्टन यांनी श्रेय दिलं ते वनस्पतींना आणि गोगलगाईंना, कारण डोळ्यांना तेवढंच दिसत होतं. मातीतले आणि पाण्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात हे सर्गेई विनोग्राडस्की यांनी असे जिवाणू वेगळे काढून १८९० च्या सुमारास दाखवलं. मत्स्यालयाच्या टाकीत नेमके कोणते जिवाणू हे काम करतात याचा उलगडा व्हायला मात्र आणखी शतक जावं लागलं. छंदाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टर हे नाव छापलं जात होतं. टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून दिसलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवणारा जिवाणू नायट्रोस्पायरा कुळातला आहे. २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं की कित्येक घरगुती फिल्टरमध्ये अमोनियावर काम करणाऱ्यांत जिवाणूंपेक्षा आर्किया या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचं प्रमाण जास्त आहे. (इथून पुढे सोयीसाठी सगळ्यांना जिवाणूच म्हणतो.) २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि तोही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून. टाकीच्या कोपऱ्यात बुडबुडणाऱ्या त्या फोमच्या तुकड्यात काय चाललेलं असतं याची पुरती ओळख आपल्याला गेल्या तीसेक वर्षांतच झाली आहे. त्यामुळे टाकी बदलण्याचे जुने रिवाज या माहितीशिवाय तयार झाले, यात नवल नाही.

आता आकड्यांकडे येतो, कारण ‘मोठ्या टाकीत पाणीच इतकं की काळजी नको’ हा पहिला आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप आकड्यांनीच तपासता येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५७ लिटर पाणी मावतं. चार फूट बाय दीड फूट बाय दीड फूट टाकीत सुमारे २५५ लिटर. माशांना दिवसाला एक ग्रॅम कोरडं खाद्य घातलं आणि त्यात ४० टक्के प्रथिनं असली, तर प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो या हिशेबाने ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत गेला. त्यातला निम्मा अमोनिया म्हणून बाहेर पडला असं धरू: ३२ मिलिग्रॅम. जिवाणू अजिबात नसतील तर लहान टाकीत दर लिटरमागे रोज अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा अधिक आणि मोठ्या टाकीत सव्वादशांश मिलिग्रॅम, म्हणजे ०.१२५, इतका अमोनिया साठेल. यातला सगळाच घातक नसतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो: निरुपद्रवी म्हणावा असा अमोनियम आणि कल्ल्यांतून सहज आत शिरणारा मुक्त अमोनिया. २५ अंश तापमानाला आणि ७ पीएचला मुक्त अमोनियाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. ८ पीएचच्या पाण्यात लहान टाकीतला मुक्त अमोनिया एकाच दिवसात लिटरला ०.०३ मिलिग्रॅमवर पोचतो. दीर्घकाळ सोसण्याची मर्यादा म्हणून बहुतेक ठिकाणी ०.०२ हाच आकडा धरतात. मोठ्या टाकीत ही ०.०२ ची मर्यादा गाठायला सुमारे तीन दिवस लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मासे वर का येतात, याचं उत्तर या भागाकारात आहे. मोठी टाकी विषाला पातळ करते आणि आपल्याला तीन-चार दिवसांची सवड देते. या जिवाणूंची नवी वस्ती शून्यातून उभी राहायला मात्र साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि मधल्या काळात अमोनिया ओसरू लागला की नायट्राइट चढतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करतं; रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो.

ही वस्ती नेमकी कुठे असते हे कळलं की पुढचा घोळ टळतो. चालू टाकीतला स्पंज फिल्टर काढून तळहातावर धरला तर फोमच्या छिद्रांत तपकिरी, बुळबुळीत थर दिसतो. दाबला की गढूळ पाणी ओघळतं. त्याला पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येत असेल तर स्पंज निरोगी आहे. सडक्या अंड्याचा वास आला तर आत प्राणवायू पोचत नाही आणि जिवाणू मेलेले आहेत. हा थर म्हणजे घाण नव्हे, हे पटवून घेणं सगळ्यांत अवघड जातं, कारण आपल्याकडे स्वच्छता म्हणजे वाहत्या नळाखाली खसाखसा चोळणं. नळाच्या पाण्यात क्लोरीन मुद्दाम ठेवलेलं असतं. पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राहावं असं सांगतं, आणि ते असतं जिवाणू मारण्यासाठीच. उलट जुनं पाणी मात्र लोक बादल्या भरभरून जपून नेतात. त्या पाण्यात या जिवाणूंचा अंश अगदी थोडा असतो, कारण ते पाण्यात तरंगत जगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून जगतात: स्पंज, सिरॅमिक रिंगा, खडी, लाकूड, काच. म्हणजे जे न्यायचं ते धुतलं जातं आणि जे टाकलं तरी चाललं असतं ते जपलं जातं. दह्याला विरजण लागतं तसा हा स्पंज नव्या टाकीला लागतो, फक्त एक फरक लक्षात ठेवून. दुधातले जिवाणू रात्रभरात कैक पटींनी वाढतात. हे फार सावकाश वाढतात, अनुकूल परिस्थितीतही दुप्पट व्हायला त्यांना बहुधा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. त्यामुळे चमचाभर विरजणाचा हिशेब इथे चालत नाही. स्पंज जवळजवळ सगळाच न्यावा लागतो.

इथे जाणकार छांदिष्ट एक नेमका प्रश्न विचारतात: लहान टाकीचा स्पंज चौपट मोठ्या टाकीला पुरेल कसा? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर या सगळ्या विषयाची किल्ली आहे. जिवाणूंची संख्या पाण्याच्या आकारमानावर ठरत नाही, त्यांना रोज मिळणाऱ्या अमोनियावर ठरते. तेच मासे, तेवढंच खाद्य, तर अमोनियाही तेवढाच. तो ५७ लिटरमध्ये सुटला काय आणि २५५ लिटरमध्ये सुटला काय, तो संपवायला तेवढेच जिवाणू लागतात आणि ते स्पंजात आधीच आहेत. पाणी फिल्टरमधून पुरेशा वेगाने फिरत राहिलं म्हणजे झालं. याच तर्काची दुसरी बाजू मात्र कटू आहे. मोठी टाकी आली की त्याच आठवड्यात रिकामी जागा भरायला दहा-बारा नवे मासे आणायची घाई होते. जिवाणूंची वस्ती जुन्या माशांच्या मापाची असते. नव्या माशांचा अमोनिया तिला झेपत नाही. मोठ्या टाकीत गेलेले जुने मासे अनेकदा टाकीमुळे नव्हे, या नव्या पाहुण्यांमुळे मरतात, आणि पाहुण्यांनी सोबत आणलेल्या आजारांमुळेही. स्थलांतरानंतर किमान तीन-चार आठवडे नवा मासा आणू नये, आणि नंतरही दोन-तीनच्या संख्येने आणावा, हा नियम मला या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त मोडला जाणारा नियम वाटतो.

सर्वांत निर्धोक पद्धत तयारीला वेळ मागते. नवी टाकी घ्यायच्या महिना-सव्वा महिना आधी तिचा फिल्टर विकत घ्यावा आणि जुन्या टाकीत जुन्या फिल्टरच्या बरोबरीने चालू ठेवावा. जुन्याच माशांच्या अमोनियावर नव्या स्पंजात वस्ती पसरते. स्थलांतराच्या दिवशी दोन्ही फिल्टर नव्या टाकीत गेले की जिवाणूंच्या बाजूने काही बदललेलंच नसतं. एवढा वेळ नसेल तर जुना स्पंज, रिंगा जशाच्या तशा नव्या फिल्टरच्या पेटीत बसवाव्यात, मध्ये त्या कोरड्या पडू देऊ नयेत. बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंचं काय, असं विचारलं जातं. योग्य जातीचे, जिवंत जिवाणू असलेलं द्रावण मदत करू शकतं, हे नाकारायचं कारण नाही. पण आपल्या उन्हाळ्यात ती बाटली किती दिवस कुठल्या गोदामात पडून होती हे तिच्यावर लिहिलेलं नसतं, आणि बाटली उघडल्यावर आतले जिवाणू जिवंत आहेत का हे कळायला अमोनियाची चाचणी करण्यावाचून मार्ग नसतो. घरात चालू स्पंज असताना बाटलीवर विसंबण्यात शहाणपण नाही. आणखी एक आक्षेप असा की जुन्या स्पंजाबरोबर जुना आजारही जाईल. मासे तेच असतील तर आजार त्यांच्या अंगावरूनही जाणारच आहे. दुकानातल्या किंवा मित्राच्या टाकीतला स्पंज आणताना मात्र ही भीती खरी आहे आणि तिथे ती बाळगावी.

जुनं पाणी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ काढू नये. त्याचा उपयोग वेगळा आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, म्हणून पाणी सतत कल्ल्यांतून आत शिरत असतं आणि क्षार बाहेर झिरपत असतात. मासा भरपूर पातळ मूत्र टाकून आणि कल्ल्यांतून क्षार पुन्हा आत खेचून हा तोल सांभाळतो. बाहेरच्या पाण्यातले क्षार एकदम बदलले की हा तोल नव्याने बसवावा लागतो, आणि त्याला मिनिटं नव्हे, तास आणि दिवस लागतात. महाराष्ट्रात ही गोष्ट फार जवळची आहे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतलं मृदू पाणी मिळतं. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या कित्येक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी येतं. एका घरातली जुनी टाकी नळाच्या पाण्यावर चालत असते आणि २५५ लिटर एकदम भरायचे म्हणून नवी टाकी बोअरच्या पाण्याने भरली जाते. त्यात जुन्या टाकीचा स्वतःचाही एक छुपा बदल असतो. जिवाणू अमोनिया संपवताना पाण्यातली क्षारता खातात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी. पाणी क्वचित बदललं तर वर्षा-दीड वर्षात टाकीचा पीएच साडेसहा, सहा असा घसरत जातो, जिवाणू सुस्तावतात आणि निरुपद्रवी रूपातला अमोनियम साचत राहतो. मासे हळूहळू त्याला सरावलेले असतात. अशा टाकीतलं निम्मं पाणी नव्या, ८ पीएचच्या पाण्यात मिसळलं तर तोच साचलेला अमोनियम मुक्त अमोनियात बदलू लागतो. ‘इतकी वर्षं ठीक होते, टाकी बदलली आणि गेले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

यावर थेंब-थेंब पाणी सोडण्याचा उपाय सांगितला जातो: मासे बादलीत ठेवायचे, बारीक नळीने नव्या टाकीचं पाणी तासभर त्यात ठिबकू द्यायचं. मला हा उपाय चुकीच्या ठिकाणी लावलेला वाटतो. तासाभरात तापमान जुळतं, क्षारांचा तोल जुळत नाही. लांबून पिशवीत आलेल्या माशांच्या बाबतीत तर तो घातकही ठरतो: बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, म्हणून अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो, पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि मासा ठिबकणाऱ्या पाण्याची वाट पाहत विषात बसून राहतो. एकाच घरातल्या दोन टाक्यांमध्ये पिशवीचा प्रश्नच नाही. त्यापेक्षा बदल माशांच्या अंगावर स्थलांतराच्या दिवशी पडू न देता आधीच जुन्या टाकीत घडवून आणावा. नवी टाकी ज्या पाण्याने भरायची त्याच पाण्याने जुन्या टाकीतलं दहा-पंधरा टक्के पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावं. तीन आठवड्यांत दोन्हीकडचं पाणी एकमेकांच्या पुष्कळ जवळ येतं. पीएच फारच घसरलेला असेल तर याहूनही सावकाश जावं. बोअरचं पाणी उपसल्यावर त्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वाढतो, म्हणून ते एक दिवस एअर पंप लावून उघडं ठेवूनच मोजावं आणि वापरावं. स्थलांतराच्या दिवशी मग जुळवायचं उरतं ते फक्त तापमान, आणि त्याला डबा नव्या टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगता ठेवणं पुरतं.

टाकीच्या वजनाकडे मात्र सगळेच कमी लक्ष देतात. २५५ लिटर पाणी म्हणजे २५५ किलो. काच, खडी आणि स्टँड मिळून तो आकडा ३५० च्या घरात सहज जातो, आणि हे सगळं अवघ्या सहा चौरस फुटांवर उभं राहतं. राहत्या घरांच्या फरशा भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून आखलेल्या असतात. हा भार पूर्ण खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे चार फुटी टाकी भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवली तर चांगल्या इमारतीत सहसा अडचण येत नाही. जुन्या चाळीत, गॅलरीत किंवा बाहेर काढलेल्या स्लॅबवर ती ठेवण्याआधी इंजिनिअरला विचारावं. स्टँड लेव्हलमध्ये हवा आणि काचेखाली थर्माकोलची शीट हवी, नाहीतर एखाद्या खड्याचा दाब तळाच्या काचेला तडा देतो. टाकी भरून किमान दोन दिवस गळती पाहावी. अर्धवट पाणी असलेली टाकी उचलून सरकवण्याचा मोह कधीही करू नये; सिलिकॉनचे सांधे त्या पिळाला बनवलेले नसतात.

प्रत्यक्ष दिवशी क्रम महत्त्वाचा. नवं पाणी आदल्या दिवशीच भरून, क्लोरीन मारून, पंप चालू ठेवून तयार असावं. माशांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवावं. त्याने अमोनिया कमी सुटतो आणि प्रौढ माशांना दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. खोलीतला दिवा मंद करावा. आधी लाकूड, दगड, झाडं काढावीत, मग नळीने पाणी ओढून एक तृतीयांशावर आणावं आणि त्यानंतरच माशांना हात लावावा. भरल्या टाकीत जाळी घेऊन पाठलाग केला की मासा दमतो, काचेवर आपटतो, त्याच्या अंगावरचा श्लेष्मल थर खरवडला जातो, आणि आजारापासून त्याचं पहिलं संरक्षण तोच थर असतो. जाळीने हाकारत माशाला पाण्यात बुडवलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घ्यावं आणि डबा पाण्यासकट उचलावा. सकर किंवा कोरिडोरस यांच्या बाबतीत तर डबाच हवा. हे मासे घाबरले की छातीच्या परांचे काटे ताठ करून अडकवतात. जाळीच्या धाग्यांत काटा रुतला की मासा सुटत नाही आणि ओढलं तर पर फाटतो. अशा वेळी जाळी कात्रीने कापावी. खडी सगळ्यांत शेवटी, मासे गेल्यावर हलवावी, कारण तिच्या तळाशी साचलेला गाळ उसळला की तो अमोनियाचा वेगळाच लोंढा असतो. आणि या सगळ्यात फिल्टर जुन्या टाकीतून निघून नव्या टाकीत सुरू होईपर्यंत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नये.

मुंबईतल्या घरात दोन टाक्या शेजारी-शेजारी ठेवायला जागा नसते. जुनी उचलल्याशिवाय नवी बसत नाही. तिथे मासे काही तास मोठ्या टबात ठेवावे लागतात. टबात जुन्या टाकीचंच पाणी घ्यावं, हवेचा दगड सोडावा, वर ओला पंचा किंवा जाळी बांधावी, आणि जुना स्पंज फिल्टर त्याच टबात चालू ठेवावा. असं केलं तर मासे आणि जिवाणू दोघेही एका छोट्या, तात्पुरत्या पण पूर्ण टाकीत असतात, आणि सुताराला स्टँड पुन्हा तासायला संध्याकाळ झाली तरी धांदल होत नाही.

इतका खटाटोप असेल तर मासे लहान टाकीतच का राहू देऊ नयेत? आमच्या आजोबांकडे काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश होताच की, असं म्हणणारे भेटतात. तो होता, कारण दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी सगळं पाणी बदलत होतं आणि अमोनिया साठायला वेळच मिळत नव्हता. तरीही तो मासा फार वर्षं काढत नसे. ‘टिश’ नावाचा इंग्लंडमधला गोल्डफिश ४३ वर्षं जगून १९९९ साली मेला. ते टोक मानलं तरी गोल्डफिशचं आयुष्य भांड्यात संपतं तितकं लहान नाही. मासा टाकीच्या मापाने वाढतो हा समजही असाच आहे. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते ती दूषित पाणी आणि कोंडमारा यांमुळे. इटलीतल्या मोंझा शहराने तर २००४ साली गोल भांड्यात मासे ठेवायला बंदीच केली. लहान टाकी माफ करत नाही: उन्हाळ्यात तिचं पाणी भराभर तापतं, आणि २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातवर येतो. वीज गेली, एक मासा खडीआड मेला, मुलाने खाद्याचा डबा उपडा केला, अशा कुठल्याही चुकीला तिथे सवड नसते. स्थलांतराचा धोका थोड्या दिवसांचा असतो आणि तयारीने तो पुष्कळ कमी करता येतो. लहान टाकीचा धोका रोज उभा असतो. मात्र काही माशांना चार फूटही पुरत नाहीत, हे विकत घेण्याआधी कळायला हवं. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा बोटभर पंगास एक मीटरच्या पुढे वाढणाऱ्या जातीचा असतो; सकर फूट-दीड फूट होतो. असे मासे घराला जड झाले की तळ्यात, नदीत सोडले जातात. हा दयाळूपणा वाटला तरी तो तसा नाही: सकर आता आपल्या जलाशयांत, उजनीसारख्या धरणातही पसरला आहे, मच्छीमारांची जाळी फाडतो आणि देशी माशांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगतो. मोठी टाकी देता येत नसेल तर असा मासा दुकानात परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्याला द्यावा.

स्थलांतरानंतरचे दोन आठवडे पाहणीचे. पहिल्या दिवशी दिवा लावू नये आणि झाकण पक्कं असावं, कारण नव्या जागेत मासे उड्या मारतात. दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्या निम्मं खाद्य द्यावं आणि आठवडाभर रोज, नंतर एक दिवसाआड, अमोनिया आणि नायट्राइट मोजावं. बाटल्यांतल्या थेंबांचा संच पट्ट्यांपेक्षा भरवशाचा. दोन्ही आकडे शून्य राहिले तर स्पंजाने आपलं काम केलं. अमोनिया दिसला तर त्याच दिवशी चौथा हिस्सा पाणी बदलावं. नायट्राइट दिसलं तर पाणी बदलण्याबरोबर थोडं साधं मीठही घालावं, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतं. या काळात निळं औषध टाकीत ओतू नये. मेथिलीन ब्लू जिवाणूंच्या त्या वस्तीलाही मारतं. भारनियमनाच्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी हवा. फिल्टर काही तास बंद राहिला की स्पंजातला प्राणवायू आधी संपतो आणि बंद डब्याच्या कॅनिस्टरमध्ये तो सर्वांत लवकर संपतो. दीर्घ खंडानंतर कॅनिस्टर सुरू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी ओतून द्यावं. जुनी टाकी विकू नये, गॅलरीतही उलटी ठेवू नये. नव्या माशांना तीन-चार आठवडे वेगळं ठेवायला तीच लागते. त्यासाठी एक छोटा जादा स्पंज मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात कायम चालू ठेवावा; नवा मासा आणायचा त्या सकाळी तो उचलून, मोठ्या टाकीच्याच पाण्याने भरलेल्या जुन्या टाकीत लावला की ती टाकी तासाभरात वापरायला तयार होते.